शिकवलेली साक्ष

"चपला काढ. अनवाणीच जा. तसंच बरं दिसतं."

ग्रेस मॅडम मला हे म्हणाल्या तेव्हा मी सातवीत होते. नाशिक रोडच्या चर्चच्या बाजूच्या दारात आम्ही दोघी उभ्या होतो. आत रविवारची उपासना चालू होती. पहिल्या बाकावर परदेशातून आलेले पाहुणे बसले होते. आमच्या होस्टेलला मदत करणारे. मॅडम त्या होस्टेलच्या प्रमुख होत्या.

माझ्या चपला नव्या होत्या. बाने सुरगाण्याच्या बाजारातून आणलेल्या. मी त्या काढल्या. मॅडमनी पायानेच त्या दाराआड सरकवल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. पण त्या माझे केस विस्कटत होत्या. सकाळी मी तेल लावून, पाणी मारून, चापून वेणी घातली होती.

"आणि रडू आलं तर आवरू नकोस," त्या म्हणाल्या. "जा."

मी गेले. पाळकांनी माईक खाली केला. मी पाठ केलेली साक्ष, म्हणजे देवाने मला कसं वाचवलं ते, बोलायला लागले.

"माझा बाप दारुडा होता. तो सैतानाची पूजा करायचा. माझ्या आईला मारायचा. आम्ही उंदीर खाऊन जगायचो. बाप मला कुणाला तरी देऊन टाकणार होता. तेव्हा ह्या होस्टेलने मला वाचवलं. मी अंधारात होते. आता उजेडात आहे."

एकेक वाक्य झालं की पाळक ते इंग्रजीत सांगत. पाहुण्यांमधली एक बाई डोळे पुसत होती. बाकांवरून "आमेन, आमेन" येत होतं.

उंदराच्या वाक्यापर्यंत आले आणि मला मागच्या दारात माझा बा दिसला.

पांढरा सदरा. हातात टोपी. खांद्याला पिशवी. पिशवीत नागलीचं पीठ असणार, दर वेळी तेच आणायचा. पहाटेच्या एसटीने निघून, नाशिकला उतरून, पुन्हा बस बदलून तो आला होता. पाहुणे येणार आहेत हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. आपली पोर माईकसमोर उभी आहे हे बघून तो आधी खुलला होता. ते मला दिसलं. मग तो ऐकायला लागला. तेही दिसलं.

मला थांबायचं होतं. समोर मॅडम माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. मी सगळं बोलले. शेवटच्या उजेडापर्यंत.

उपासना संपल्यावर अंगणात फोटो चालू झाले. बा माझ्याकडे आला. त्या डोळे पुसणाऱ्या बाईने मॅडमना विचारलं, हे कोण? मॅडम हसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, हा आमच्याकडे भाजी आणून देतो.

तेवढं इंग्रजी मला येत होतं. बाला येत नव्हतं. त्याने त्या बाईपुढे हात जोडले आणि मान खाली घातली. खूप खाली. ती बाई पुढे गेली तरी वर केली नाही.

मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही मागे किचनमध्ये बसा. जेवून जा."

किचनमध्ये तो जमिनीवर बसला. पुढ्यात भाताचं ताट. मी समोर उभी. अजून अनवाणी. त्याने थोडा भात खाल्ला. मग विचारलं.

"कुनी शिकवला तुला ता बोलायला?"

"मॅडमनी."

तो खात राहिला. मग म्हणाला, "त्या गोऱ्या बाईला मॅडमनी सांगितला ना, हाच तो बाप? म्हनून मी मान खाली घातली. वर बघितला असता तर तिला तुजा बोलना खोटा वाटला असता. तुजी शाळा गेली असती."

मॅडम इंग्रजीत खरं काय म्हणाल्या होत्या ते मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याने माझ्यासाठी दारुडा व्हायचं कबूल केलं होतं. आणि तिथे तर तो बापसुद्धा नव्हता. भाजीवाला होता.

"शिक," तो म्हणाला. "शाळा सोडू नको."

त्यानंतर तो नाशिक रोडच्या चर्चमध्ये कधी आला नाही.

माझा बा कोण आहे ते आता सांगते. माईकशिवाय सांगते.

सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरात आमचा पाडा. पावसाळ्यात भात, नागली. ती निघाली की सगळं घर खाली दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला. बाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. आईवर हात उगारला नाही. आमचा आजा भगत होता. पाड्यात कुणाला विंचू चावला, कुणाचं पोट धरलं, तर लोक त्याच्याकडे यायचे. तो मुळ्या उगाळून द्यायचा. वाघदेवापुढे दिवा लावायचा. मॅडमच्या वाक्यात तो सैतान झाला.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. माझा थोरला भाऊ तापाने गेला. बा जेवेना, बोलेना, शेतावर जाईना. शेजारच्या पाड्यावरचा एक म्हातारा ख्रिस्ती होता. तो रोज चालत यायचा. पाणी भरायचा. लाकडं फोडायचा. आईला चूल पेटवून द्यायचा. मग बाच्या शेजारी बसून राहायचा. एक शब्द बोलायचा नाही. बरेच दिवस असं चाललं. शेवटी बानेच त्याला विचारलं, तू का येतोस? तेव्हा त्याने त्याच्या देवाचं नाव सांगितलं.

एवढंच घडलं. ना कुणी वाचवलं, ना अंधार, ना उजेड. एक माणूस पाणी भरायला आला.

बाला वाचता येत नाही. प्रार्थना करतो ती डोळे उघडे ठेवून, लावणी करता करता, आमच्या बोलीत. आणि पाड्यात कुणाच्याही घरी मयत झाली की तो जातो. त्या घरचं पाणी भरतो. लाकडं फोडतो. ते घर ख्रिस्ती असो, नसो. वाघदेवाच्या दगडासमोरून जाताना कधी थुंकला नाही. कुणाला म्हणाला नाही, माझ्या देवाकडे या. त्याची साक्ष ती तेवढीच. खांद्यावरची.

आणि माझी साक्ष दर वर्षी वाढत होती.

पाहुणे यायचे ते नाताळच्या पुढेमागे. महिनाभर आधी मॅडम मला ऑफिसात बोलवायच्या. ह्या वर्षी आईला चटका दिल्याचं घाल. ह्या वर्षी धाकट्या बहिणीचं घाल. मला धाकटी बहीण नव्हती. ती मी मारली. भुकेने मेली असं सांगितलं. लोक रडले. एकदा मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, हे खरं नाहीये." त्या चिडल्या नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तुझं नसेल. तुमच्या लोकांत कुणाचं ना कुणाचं असतंच ना?"

तुमच्या लोकांत. मॅडमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती. तरी कुणी नवीन भेटलं की त्या सांगायच्या, आमचं मूळचं घराणं फार मोठं बरं का. सगळं सोडून आलेले आम्ही. सोडलेलं त्या रोज हातात धरून बसायच्या.

दहा आज्ञा आम्हाला पाठ होत्या. खोट्या साक्षीची आज्ञा त्यात आहे. संडे स्कूलमध्ये ती म्हणून दाखवल्याबद्दल मला मॅडमच्या हातून कंपासपेटी मिळाली होती. त्याच महिन्यात मी बहीण मारली.

लोकांना वाटेल, मग सोडायचं. कुठे जायचं? पाड्यावर? तिथून बाने मला एसटीत चढवून दिलं होतं, परत यायला नाही. बारावी झाले. मुक्त विद्यापीठातून बीए झाले. मॅडमनी मला होस्टेलवरच वॉर्डन म्हणून ठेवलं. किचनच्या मागची खोली दिली. सगळ्यांना सांगितलं, बघा, आमच्या होस्टेलने कुठल्या कुठे आणली हिला. आता मी सगळीकडून त्यांची होते. जेवण त्यांचं. छप्पर त्यांचं. माझी गोष्टसुद्धा त्यांची.

पण त्याहून वाईट एक होतं. ते कुणाला सांगता येत नव्हतं. मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की समोर माईक यायचा. एकटी असतानासुद्धा. मी "हे प्रभू" म्हणायचे आणि माझा आवाज आपोआप कापायला लागायचा. शिकवला होता तसा. कुठे थांबायचं, कुठे हुंदका घ्यायचा, ते माझ्या गळ्याला कळत होतं. मला खरंच रडायचं असायचं तेव्हाही ते तसंच यायचं. मला ओळखू येईना, ह्यातलं माझं कुठलं. देवासमोर मी पाहुण्यांसमोर असल्यासारखी उभी राहायचे. त्या देवाला मी सोडू शकत नव्हते, आणि त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. खोलीला एक खिडकी होती, ती चर्चच्या भिंतीवर उघडायची. मी त्या भिंतीकडे बघत बसायचे.

फक्त एका वेळी बरं वाटायचं. एखादी मुलगी तापली की. कपाळावर ओली पट्टी ठेवायची, बदलायची, पुन्हा ठेवायची. बोलायचं काहीच नाही. तेव्हा वाटायचं, ही एक गोष्ट मला कुणी शिकवलेली नाही. ही बाची आहे.

गेल्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

"तू आता मोठी झालीस. आता लहान चेहरा हवा," त्या म्हणाल्या. "ती पेठची सुनंदा आहे ना, तिला तयार कर. तुला सवय आहे."

सुनंदा सहावीत. बाप वारलेला. आई दिंडोरीला एका द्राक्षबागेवर कायमची मजुरीला. ती बाई महिन्यातून दोनदा तरी यायची. येताना पेरू आणायची, बोरं आणायची. होस्टेलच्या पायरीवर बसून लेकीचं डोकं बघायची. मॅडमनी तिला कितीदा तरी पाहिलं होतं.

सुनंदाच्या साक्षीत मॅडमनी घातलं होतं, आई मला एसटी स्टँडवर टाकून पळून गेली.

मी म्हणाले, "मॅडम, तिची आई येते."

"त्या दिवशी येणार नाही. तसं सांगून ठेव."

मी सुनंदाला बोलावलं. मला वाटत होतं, ती नाही म्हणेल. रडेल. आईबद्दल असं कसं बोलू, म्हणेल. मग मला धीर येईल, मॅडमसमोर उभी राहीन.

तसं काही झालं नाही. तिने दोनदा ऐकलं आणि तिला आलं. माझ्यापेक्षा चांगलं आलं. स्टँडवर ती बाकाखाली झोपली, कुत्रं जवळ येऊन बसलं, हे तिने स्वतःच्या मनाने घातलं. मग माझ्याकडे बघून खुशीत म्हणाली, "ताई, बघा ना. मला लगेच रडू येतं." आणि रडून दाखवलं. खरे थेंब. गालावरून खाली.

मी तिचे गाल पुसले. तिला अभ्यासाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पाळकांकडे गेले. नवीन पाळक. माझ्याच वयाचे. भाषण छान करतात, आजाऱ्यांना भेटायला जातात. वाईट माणूस नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. बाचंही. ते टेबलावरची काच पुसत राहिले.

"सिस्टर, साक्षीत थोडं इकडेतिकडे होतं," ते म्हणाले. "देव हेतू बघतो."

"हेतू काय आहे?"

"पोरींची ताटं. पाहुण्यांचं मन हललं नाही तर ती कुठून भरायची, तुम्ही सांगा."

हे खोटं नव्हतं. मी स्वतः त्याच ताटात जेवले होते.

मॅडमना कळलंच. त्यांनी मला बोलावलं नाही. त्या स्वतः माझ्या खोलीच्या दारात आल्या. पहिल्यांदाच.

"तुला सत्य बोलायचंय? त्या रविवारी पाहुण्यांसमोर बोल," त्या म्हणाल्या. "सोमवारी होस्टेल बंद करते. मग ह्या सगळ्या पोरी पेठला, सुरगाण्याला, त्यांच्या घरी तू नेऊन सोड. त्यांच्या आयांना सांग, माझ्या सत्यापायी तुमच्या पोरी परत आल्या."

आणि गेल्या. दार उघडंच राहिलं. मी कॉटवर बसले होते. नाही म्हटलं तर पोरी रस्त्यावर. हो म्हटलं तर सुनंदा माझ्यासारखी. दोन्हीकडून भिंत.

पाहुणे येण्याचा तो रविवार आला.

चर्च भरलेलं. पुढे पाहुणे. बाकांवर नेहमीची घराणी. त्यांच्या पुढे सतरंजीवर आमच्या पोरी, फोटोत याव्यात म्हणून. सुनंदा माझ्या शेजारी. तिला जुना फ्रॉक घातला होता, बाहीला फाटलेला. तिच्याकडे बरे कपडे होते. पाळकांनी तिचं नाव घेतलं. ती उठली. उठताना तिने तोंड बारीक केलं. एका क्षणात. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. चेहरा बदलला आणि त्याच्या मागे सुनंदा कुठेच उरली नाही.

मी तिचा हात धरला.

काही ठरवलं नव्हतं. देवाचा आवाज वगैरे आला नाही. हात धरला आणि तो सुटेना. तिला खाली बसवलं आणि मीच माईकपाशी गेले. पाळकांना वाटलं, मी तिची ओळख करून देणार. ते बाजूला झाले.

मी म्हणाले, "सुनंदाची आई जिवंत आहे. दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत काम करते. ती लेकीला भेटायला येते. तिने लेकीला कुठेही टाकलेलं नाही."

माझा आवाज कापत नव्हता. मलाच नवल वाटलं.

"ह्याच जागेवरून मी माझ्या बापाला दारुडा म्हणाले. तो दारू पीत नाही. मला बहीण नव्हती. हे सगळं आम्हाला इथे शिकवतात. देवाच्या घरात. देवाच्या नावाने."

माईक बंद झाला. मी मोठ्याने बोलत राहिले. मॅडमनी कीबोर्डवाल्या मुलाला हात केला. त्याने सूर धरला. सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि गायला लागली. स्तुतीचं गाणं. टाळ्या वाजवत. माझ्या तोंडावर. ज्या बायकांनी माझ्या खोट्यावर डोळे पुसले होते, त्या माझं खरं बुडवायला गात होत्या. मी ओरडत होते आणि मलाच माझं ऐकू येत नव्हतं.

त्या गाण्यातच पाहुण्यांमधल्या एका बाईने पाळकांना काहीतरी विचारलं. पाळकांचा चेहरा पांढराफटक होता. ते तिच्या कानाशी वाकले. मी जवळच होते. ते इंग्रजीत म्हणाले, ती तुमचे आभार मानते आहे. तिला फार भरून आलंय.

ती बाई उठली. तिने मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी. मी तिच्या खांद्यात अडकले होते. तिच्या अंगाला चांगला वास येत होता. सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, संपलं. आता मी काहीही बोलले तरी ते आभारच होणार.

मी तिला हाताने दूर केलं. तिच्या डोळ्यांत बघितलं. जेवढं इंग्रजी होतं तेवढं काढलं.

"नो थँक यू. नो. लाय. ऑल लाय."

तिने पाळकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिने माझ्या खांद्यांवरचे हात काढले.

संध्याकाळपर्यंत माझी पेटी अंगणात होती.

होस्टेल बंद झालं नाही. सोमवारीही नाही, नंतरही नाही. पाहुण्यांचं पुढे काय झालं, त्यांनी काय विचारलं, मला कुणी सांगत नाही. मी जेल रोडला एक खोली घेतली. एका पाळणाघरात काम धरलं. होस्टेल सोडताना मी सुनंदाला भेटायला गेले तर ती तोंड फिरवून बसली होती.

"ताई, माझी पाळी होती," ती म्हणाली. "तुम्ही का गेलात?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते तिला अजून कळणारं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिने डोकं काढून घेतलं.

मी पाड्यावर गेले. बा खळ्यावर नागली झोडत होता. त्याला सगळं सांगितलं. भाजीवाल्याचं तेवढं ठेवलं. तो ऐकत होता, काठी चालू होती.

"मंग आता खोली कोनाची?" त्याने विचारलं.

"भाड्याची."

"खासील काय?"

"काम हाय."

त्याने मला शाबासकी दिली नाही. मिठी मारली नाही. काळजीने त्याचं तोंड काळं पडलं होतं. त्याला त्याची पोर शहाणी होऊन पगारावर बसलेली हवी होती. मी ते मोडून आले होते. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाला, "रविवारी जासील का तू देवळात?" चर्चला तो देऊळच म्हणतो.

"जाईन."

"हाकलतील."

"हाकलू दे."

मंडळीच्या वडीलजनांची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक झाली. पाळक स्वतः निरोप घेऊन खोलीवर आले. मी येत्या रविवारी सगळ्यांसमोर क्षमा मागायची. माझ्या मनावर ताण होता, मी भलतंच बोलले, असं म्हणायचं. मग मला परत घेतील. नोकरीवरसुद्धा. नाहीतर मंडळीतून नाव काढतील. पाळक माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन वाक्यं आहेत, सिस्टर. बोलून टाका. मी लिहून देतो."

पुन्हा लिहून देणार. पुन्हा मी बोलणार.

त्यानंतर सुनंदाची आई आली. कामावरून थेट, द्राक्षाच्या फवाऱ्याचा वास अंगाला. खाली बसली. पाणी प्यायली. मला वाटलं, ती चिडली असेल मॅडमवर. जिवंतपणी तिला लेकीच्या आयुष्यातून पुसलं होतं.

"ताई, माफी मागून टाका ना," ती म्हणाली. "माजं काय, पोरीला टाकून गेली म्हना नायतर मेली म्हना. पोरगी शिकू द्या तिथं. तुमच्यापायी तिला काढलं तर मी कुटं ठेवू? बागेत पोरी ठेवायसारखं नाय ओ."

ती हात जोडून बसली होती. जिच्यासाठी मी बोलले, तीच मला गप्प बस म्हणत होती. बाने मान खाली घातली होती ती अशीच. आमच्या आयाबापांकडून हे लोक असंच घेतात. पोरींच्या शाळेच्या बदल्यात त्यांची इज्जत. आणि आयाबाप देतात. हसत देतात.

मी तिचे हात सोडवले.

"पोरगी तिथेच शिकेल," मी म्हणाले. "तिला काढलं तर मी त्यांच्या दारात बसेन. पण मी माफी मागणार नाही. आणि तुम्ही मेलेल्या नाही. तुम्ही रविवारी या. पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसा. सगळ्यांना दिसू द्या, आई आहे म्हणून."

ती घाबरली. "मला नाय जमायचं. सुट्टी भेटत नाय." पदर सावरत उठली. दारात थांबली. चपला घातल्या. गेली.

ती येईल की नाही, मला माहीत नाही. तिला मी दोष देणार नाही.

मी जाणार आहे. सतरंजीवर नाही, दाराशी नाही, किचनमध्ये नाही. पहिल्या बाकावर बसणार आहे. त्या बाकावर घराण्यांची नावं कोरलेली नाहीत, एरवी तीच तिथे बसतात ती फक्त सवय आहे. पाळक माझं नाव घेतील. मी उठेन. त्यांनी लिहून दिलेली दोन वाक्यं मी बोलणार नाही. माईक बंद केला तर माईकशिवाय बोलेन. गायला लागले तर गाणं संपेपर्यंत उभी राहीन. गाणी संपतात. नाव काढलं तर काढू दे, वहीतून काढतील. पुढच्या रविवारी मी पुन्हा येऊन बसेन. उचलून बाहेर टाकलं तर त्याच्या पुढच्या.

देव माझा आहे. तो मला ह्या लोकांनी दिलेला नाही, त्यांना तो परत घेता येणार नाही. आणि जोवर त्या जागेवर एका तरी पोरीला फाटका फ्रॉक घालून रडायला उभी करतायत, तोवर मी ते चर्च सोडणार नाही.